मुक्ता साळवे

मुलामुलींनो, यवतमाळच्या आपल्या वर्गात तुम्ही निबंध लिहिता तो गुणांसाठी. १८५५ साली पुण्यातील चौदा वर्षांच्या एका मुलीने निबंध लिहिला तो आपल्या लोकांच्या दुःखासाठी.

तिचे नाव मुक्ता साळवे. ती मांग समाजातील होती. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. त्यांच्या मुलांना शाळेची दारे बंद होती, मग मुलींचे काय सांगावे! जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी ती दारे उघडली. त्यांच्या शाळेत मुक्ता जेमतेम तीन वर्षे शिकली होती. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत काळ्या गुलामांना वाचायला शिकवणे हा गुन्हा होता.

मुक्ताचा निबंध मांग-महारांच्या दुःखाविषयी होता. तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांला नसेल तर आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवालाच विचारते. मोठमोठ्या इमारतींच्या पायामध्ये आपल्या लोकांना पुरत असत, हेही ती न भिता लिहिते.

मला मात्र तिने बायकांविषयी लिहिलेला भाग विसरता येत नाही. घरावर छप्पर नाही, बाळंतीण थंडीवाऱ्यात व पावसात पडली आहे, वैद्याला द्यायला पैसा नाही. मोठमोठ्या पंडितांना हे दिसले नव्हते.

शेवटी ती आपल्या लोकांना ज्ञानाचे, म्हणजेच इल्मचे, औषध घ्यायला सांगते. तिचा हा एकच निबंध आज आपल्याजवळ आहे.