फुलामुलांचे कवी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

विद्यार्थी मित्रहो, टिळक हे आडनाव ऐकले की आपल्याला लोकमान्य आठवतात. पण रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राला आणखी एक टिळक दिले. ‘केवढे हे क्रौर्य’ ही जखमी पक्षिणीची कविता आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांना, आजीआजोबांना शाळेत होती. तिचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत. मनाचे समाधान कशात असते, या प्रश्नाचा त्यांनी जन्मभर पाठपुरावा केला, म्हणून ही ओळख महत्त्वाची वाटते.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे झाला. वडील अतिशय कडक, आई मात्र प्रेमळ आणि कवितेची आवड असलेली. ती लवकर गेली आणि नारायणचे घरात मन रमेना. लहान वयातच घर सोडून तो नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृतचा अभ्यास केला. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

विद्वत्ता होती, कविता होती, लोकांत मान होता. पण मनाला स्वस्थता नव्हती. टिळक एका गावी, एका नोकरीत फार काळ टिकत नसत. स्वभाव तापट आणि हात सढळ. घरखर्चाचे पैसे कोणाच्या तरी गरजेला देऊन ते मोकळे होत आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. काव्यावर आणि धर्मावर गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. पुस्तक सुरुवातीला त्यांना फारसे भावले नाही, पण शब्द दिला म्हणून ते वाचत राहिले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र ते पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. आकाशातली पाखरे आणि रानातली फुले यांची काळजी वाहणारा देव माणसाला विसरणार नाही, म्हणून उद्याच्या चिंतेने झुरू नका, असे त्यात सांगितले आहे. फुलांत आणि पाखरांत रमणाऱ्या या कवीला आपण शोधत होतो ते समाधान तेथे सापडले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत फार मोठी होती. आप्तेष्ट दुरावले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या आणि काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. लक्ष्मीबाईंनी जे सोसले ते वाचताना आजही डोळे पाणावतात. एकाला मिळालेल्या आनंदाचे दुःख दुसऱ्याला भोगावे लागले, हे आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला परत आल्या, तेव्हा टिळकांनी त्यांच्यावर धर्मासाठी सक्ती केली नाही. त्या सोवळे पाळत होत्या, ते त्यांनी पाळू दिले. विचार करता करता देवाने माणसांच्या जाती केलेल्या नाहीत, हे लक्ष्मीबाईंना स्वतःलाच पटले. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला होता. टिळकांनी अनाथ मुले घरी आणली आणि लक्ष्मीबाईंनी ती आपली म्हणून सांभाळली. ज्या सढळ हातावरून पूर्वी घरात भांडणे होत, त्यालाच आता दोघांची साथ मिळाली.

ख्रिस्ती झाले म्हणून टिळकांनी मराठीपण सोडले नाही. तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. देवळातल्या भजनाचा आणि कीर्तनाचा गोडवा त्यांनी चर्चमध्ये नेला. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. तरुण बालकवी ठोंबरे यांना त्यांच्या घरी मायेचा आसरा मिळाला.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही, त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, तेथे जागा होती. वय उतरणीला लागलेले, गाठीला पैसा नाही. पण मन प्रसन्न. तरुणपणी गावोगाव हिंडवणारी बेचैनी या वयात निवली होती.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांचे शाळेत शिक्षणच झाले नव्हते आणि ज्यांना लिहायला-वाचायला टिळकांनीच शिकवले होते.

मित्रहो, आपल्या वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले शेजारी शेजारी बसतात. टिळकांचा मार्ग प्रत्येकाचा असेल असे नाही. पण त्यांच्या चरित्रातून एक गोष्ट सर्वांनी घेण्यासारखी आहे. देवावर भार टाकला म्हणून त्यांची दुःखे संपली नाहीत आणि पैसाही आला नाही. जे होते ते मात्र त्यांना पुरले आणि दुसऱ्याला देऊनही उरले. त्यांची एखादी कविता घरी मोठ्यांना विचारा. कोणाला तरी ती अजून पाठ असेल.