तंबूतली डायरी आणि पाच घरं

कॅप्टन रॉबर्ट स्कॉट म्हणजे दक्षिण ध्रुवावर दुसरा पोचलेला माणूस, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मला मात्र तो त्याच्या घरामुळे जवळचा वाटतो.

१८६८ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथजवळ जन्म, तेराव्या वर्षापासून नौदलात. वडिलांची पुंजी बुडाली, १८९७ मध्ये तेही गेले, पुढच्याच वर्षी धाकटा भाऊ गेला. आईचा भार याच्या पगारावर आला. बढती हवी तर काहीतरी मोठं करून दाखवायला हवं. बर्फाची वाट धरण्यामागे हेही एक कारण होतं. पहिली मोहीम १९०१ ते १९०४. मग १९०८ मध्ये कॅथलीन ब्रूस या शिल्पकर्तीशी लग्न. १९१० मध्ये तो पुन्हा निघाला, तेव्हा मुलगा पीटर वर्षाचाही नव्हता.

१७ जानेवारी १९१२ ला पाच जण ध्रुवावर पोचले, तर नॉर्वेचा अमुंडसेन महिनाभर आधीच येऊन गेलेला! परतताना इव्हान्स वाटेतच गेला. पाय सडलेला ओट्स, आपल्यामुळे बाकीचे अडकायला नकोत म्हणून, वादळात तंबूबाहेर पडला तो परतलाच नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे मार्चमध्येच तो उणे चाळीसपर्यंत उतरत होता. स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स तंबूत अडकले. अन्नाचा साठा होता फक्त वीसेक किलोमीटरवर.

तरी स्कॉट पेन्सिलीने लिहीतच होता. विल्सनच्या बायकोला पत्र, बॉवर्सच्या आईला पत्र. कॅथलीनला कळवलं की मुलाला निसर्गाची गोडी लाव. डायरी पत्नीला पाठवा असं लिहिलं, मग पत्नी हा शब्द खोडून विधवा केला. २९ मार्चच्या शेवटच्या नोंदीत एकच मागणं, आमच्या माणसांकडे बघा.

नोव्हेंबरात शोधपथकाला तंबू सापडला. पथकाबरोबर हिंदुस्थानातून नेलेली सात खेचरं होती. त्यांतल्या काहींची नावं बेगम, रानी, प्यारी! तंबूत डायऱ्या होत्या आणि स्लेजवर सोळा किलो दगड. जीव जात असतानाही हे ओझं त्यांनी टाकलं नव्हतं. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस या प्राचीन झाडाच्या पानांचे ठसे निघाले. आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खडकांतही तेच ठसे मिळतात. ही भूमी एकेकाळी एकत्र होती, याचा तो मोठाच पुरावा ठरला.

कॅथलीन नवऱ्याला आणायला न्यूझीलंडला निघाली होती. फेब्रुवारी १९१३ मध्ये भर समुद्रात बोटीवर तिला बातमी कळली. पुढे तिने स्वतःच्या हाताने त्याचा पुतळा घडवला. पीटर खरोखरच मोठा पक्षितज्ज्ञ झाला.

डायरी त्याच वर्षी छापली, सोबत्यांवरची कडवट वाक्यं गाळून. ते शेवटचं मागणं वाचून लोकांनी भरभरून पैसे दिले. पण वाटणी झाली ती हुद्द्याप्रमाणे. कॅथलीनला भरपूर मिळालं. इव्हान्स साधा खलाशी वर्गातला. त्याची बायको लॉइस वेल्समधल्या खेड्यात तीन मुलांना घेऊन राहायची. तिच्या वाट्याला फारच थोडं आलं. वर तिच्या नवऱ्यामुळेच बाकीच्यांना उशीर झाला, असं वर्तमानपत्रं छापत होती आणि ते तिला वाचावं लागत होतं.