बंदिवान मुलांचा मित्र : संत जॉन बॉस्को



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या अंकात एका थोर संताचे चरित्र सादर करण्यास मला आनंद वाटतो. संत जॉन बॉस्को ह्यांचे नाव आपणांस नवीन नाही. त्यांच्या नावाने चाललेल्या शाळा आणि उद्योगशाळा आपण पाहिल्या आहेत. परंतु ह्या साऱ्या कार्याची प्रेरणा त्यांस तुरुंगातील मुलांच्या दर्शनाने झाली, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. तीच येथे मुख्यतः सांगावयाची आहे.

जॉन ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमोंते प्रांतात, बेक्की नावाच्या लहानशा वाडीत एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच पितृछत्र हरपले. माता मार्गारिता हिने अपार कष्ट करून मुलांचा सांभाळ केला व त्यांस देवाचे भय आणि प्रेम शिकविले. नवव्या वर्षाच्या सुमारास जॉनला एक स्वप्न पडले. काही मुले भांडत होती व शिव्या देत होती. त्यांस आवरण्यासाठी जॉन मुठी वळून धावला, तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्यास थांबवून सांगितले, की ह्या मुलांस ठोशांनी नव्हे, तर सौम्यतेने व प्रेमाने जिंकावयाचे आहे. ह्या स्वप्नाचा त्यांस आयुष्यभर विसर पडला नाही.

परक्याच्या शेतावर चाकरी करून व मिळेल तशी विद्या संपादून ५ जून १८४१ रोजी तुरीन शहरी त्यांनी गुरुदीक्षा घेतली. तेथे त्यांस संत जोसेफ काफासो हे मार्गदर्शक लाभले. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांचे सांत्वन करणारे म्हणून हे धर्मगुरू प्रसिद्ध होते. तेच तरुण बॉस्कोंस आपल्याबरोबर तुरुंगात घेऊन गेले.

तेथे जे दिसले त्याने त्यांचे हृदय हेलावले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, चलाख मुले रिकामी बसून होती. किड्यांनी चावून त्यांची अंगे फोडून काढली होती. पोटास पुरेसे अन्न नव्हते, आणि आत्म्यास तर मुळीच नव्हते. तुरीन शहर त्या काळी वाढत होते. खेड्यांतून आलेली मुले गवंड्यांच्या हाताखाली राबत. काम सुटले, की त्यांस ना घर ना अन्न. मग चोरी व चोरीपाठोपाठ तुरुंग ठरलेलाच. परंतु बॉस्कोंस सर्वांत अधिक दुःख झाले ते आणखी एका गोष्टीचे. चांगले वागण्याचा निश्चय करून सुटलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा तेथेच आलेली दिसत. विचार करता त्यांस कारण उमगले. बाहेर ह्या मुलांस कोणीच नव्हते. त्यांची विचारपूस करणारा एखादा मित्र असता, तर त्यांतील पुष्कळजण परत आले नसते, असे त्यांच्या मनाने घेतले.

८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक मरीयेच्या सणाच्या दिवशी, ते मिस्सेची तयारी करीत होते. बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा एक पोरका मुलगा तेथे आला. त्यास मिस्सेची सेवा करता येत नाही असे पाहून देवळाच्या सेवकाने त्यास बडवून हाकलले. फादर बॉस्कोंनी सेवकाची कानउघाडणी केली, हा माझा मित्र आहे असे सांगून मुलास परत बोलाविले व मिस्सेनंतर त्यास धर्मशिक्षणाचा पहिला पाठ दिला. ह्या भेटीतून त्यांचे कार्य वाढले. जागेसाठी ठिकठिकाणी भटकंती झाल्यावर १८४६ च्या ईस्टर सणास वाल्दोक्को येथील एका ओसरीवजा जागेत ते स्थिरावले. त्याच वर्षी माता मार्गारिता आपले घर सोडून ह्या अनाथांची आई होण्यास तेथे आली.

१८४५ साली तुरीनमध्ये ‘ला जेनेराला’ नावाचे मुलांचे सुधारगृह उघडण्यात आले होते. तेथेही त्यांचे जाणे-येणे असे. त्यांचे चरित्रकार सांगतात, की १८५५ साली त्यांनी तेथील तीनशेहून अधिक मुलांस स्तुपिनिजी येथे सहलीस नेले, आणि एकही शिपाई बरोबर घेतला नाही. सायंकाळी सर्व मुले परत आली.

मुलांवर होणारी मारहाण केवळ उपदेशाने थांबणार नाही, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी कारागिरांशी मुद्रांकित कागदावर करार केले. १८५२ सालचा एका सुताराशी झालेला असा करार प्रसिद्ध आहे. मालकाने मुलास धंदा शिकवावा, त्या धंद्याबाहेरील कामे सांगू नयेत, चूक झाल्यास शब्दांनी समजवावे, हात उगारू नये, आणि सणावारी त्यास सुटी द्यावी, अशी बंधने त्यात घातली होती.

१८७७ साली त्यांनी आपली शिक्षणपद्धती लिहून काढली. चूक घडू द्यावयाची व मग शिक्षा करावयाची, ही एक रीत. मुलांमध्ये सदैव वावरून चूक घडण्यापूर्वीच त्यांस सावरावयाचे, ही दुसरी. ही दुसरी रीत त्यांनी पत्करली व विवेक, धर्म आणि वात्सल्य ह्या तीन खांबांवर ती उभारली. १८५९ साली स्थापन झालेल्या सालेशियन संघाने ती जगभर नेली. ३१ जानेवारी १८८८ रोजी ते देवाघरी गेले. १९०६ साली त्यांचे शिष्य भारतात तंजावर येथे आले. पोप अकरावे पायस ह्यांनी १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, त्यांस संतपद दिले.

वाचकहो, ला जेनेरालाच्या जागी आजही अल्पवयीनांचे कारागृह आहे. आपल्या देशातही निरीक्षणगृहांत मुले आहेत. अशा संस्थेत मुलास शारीरिक शिक्षा करणे हा २०१५ च्या बालन्याय कायद्याने गुन्हा ठरविला आहे, हे फार उत्तम झाले. परंतु तेथून सुटून घरी आलेल्या मुलाकडे शेजारी कोणत्या दृष्टीने पाहतात, त्यास काम कोण देतो, देवळात त्यास आपल्याजवळ कोण बसवून घेतो, हे कायदा ठरवू शकत नाही. ते आपण ठरवावयाचे आहे. अंतिम न्यायाच्या दिवशी प्रभू आपणांस बंदिवानाच्या भेटीविषयी विचारणार आहे. संत जॉन बॉस्को ह्यांच्या मध्यस्थीने त्या प्रश्नास उत्तर देण्याचे बळ आपल्या धर्मग्रामास लाभो, हीच प्रार्थना.