मोबाईलवरचा थेंब आणि डेल्फ्टचा कापडवाला

गेल्या पावसाळ्यात जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्यावर गेलो होतो. तुषार उडाले, सेल्फी कॅमेऱ्यावर बारीकसा थेंब बसला आणि जवळ धरलेलं शेवाळ स्क्रीनवर एकदम मोठं दिसायला लागलं. थेंब फुगीर असतो, म्हणून तो भिंगाचं काम करतो. (करून बघणार असाल तर चार्जिंगचं भोक सांभाळा.)

अशाच एका इवल्याशा भिंगावर साडेतीनशे वर्षांपूर्वी आंतोनी व्हान लेव्हेनहूकने कमाल केली. जन्म १६३२, गाव हॉलंडमधलं डेल्फ्ट. वडील टोपल्या विणायचे. हा कॉलेजात गेला नाही, लॅटिन येत नव्हतं, आणि त्या काळी विज्ञानात लॅटिन न येणं म्हणजे आज इंग्रजी न येण्यासारखंच. ॲमस्टरडॅमला कापडाचा धंदा शिकला, मग गावी स्वतःचं दुकान टाकलं. कापड व्यापारी धागे तपासायला भिंग वापरायचे. त्याला नाद लागला तो बहुधा तिथूनच.

१६६५ मध्ये लंडनच्या रॉबर्ट हुकने बुचाच्या पातळ कापात रिकामे कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटलं. आपण शाळेत शिकतो त्या पेशी याच. पण त्या मेलेल्या, नुसत्या भिंती उरलेल्या. लेव्हेनहूकला दिसलं ते जिवंत: १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यात पळणारे एकपेशीय जीव, पुढे १६८३ मध्ये दातांवरच्या किटणात जिवाणू.

त्याने पत्रं पाठवली ती लंडनच्या रॉयल सोसायटीला. डोळ्यांना न दिसणारे प्राणी पाण्यात आहेत, यावर विश्वास कोण ठेवणार? त्याने आठ साक्षीदारांचे दाखले जोडले. शेवटी १६७७ मध्ये हुकनेच प्रयोग करून पाहिला, आणि खरं निघालं! १६८० मध्ये हा दुकानदार सोसायटीचा फेलो झाला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. त्याने पाचशेच्या वर भिंगं बनवली, उरलेल्यातलं सर्वांत ताकदीचं २६६ पट मोठं दाखवतं, पण ती बनवतो कशी हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. १७२३ मध्ये नव्वदाव्या वर्षी तो गेला आणि पद्धतही गेली. मग कित्येक दशकं त्याच्याइतकं बारीक फारसं कुणाला दिसलंच नाही.

२०२१ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी त्याचा तो २६६ पटवाला सूक्ष्मदर्शक न उघडता न्यूट्रॉनने तपासला. आत सापडला वितळवून केलेला काचेचा मणी. काच तापवून तिची तार ओढायची आणि तारेचं टोक परत ज्योतीत धरायचं, की मणी तयार. ही कृती हुकने १६६५ च्या पुस्तकात सगळ्यांसाठी छापली होती! म्हणजे ओपन सोर्स कोड घेऊन त्यावर कुलूप लावल्यासारखंच हे. हसू नका, मीही ऑफिसात एक स्क्रिप्ट कुणाला न दाखवता वर्षभर दाबून ठेवली होती, आणि मी सुट्टीवर असताना तीच बंद पडली.

त्याने मृत्यूनंतर रॉयल सोसायटीला मिळावेत म्हणून २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक मागे ठेवले होते. सोसायटीकडे ते पोचले, आणि पुढे तिथून सगळेच्या सगळे हरवले.