विश्लेषण : बार्शीचे मेहबूब पटेल कोल्हापुरात 'अमर शेख' झाले, स्वातंत्र्यानंतरही त्यांचा डफ का थांबला नाही?

कोल्हापूर : स्वातंत्र्यदिन, महाराष्ट्र दिन किंवा शिवजयंती आली की चौकाचौकात डफावर थाप पडते. स्पीकरवर पोवाडा लागतो, मोबाइलवर त्याचे रील फिरतात. दुसऱ्या दिवशी मांडव निघतो आणि शाहीर पुढच्या वर्षापर्यंत विस्मरणात जातो.

पण एक शाहीर असा होऊन गेला, ज्याच्यासाठी पोवाडा हा एका दिवसाचा कार्यक्रम नव्हता. इंग्रज गेल्यावर लढाई संपली, असंही त्यानं मानलं नाही. त्या शाहिराचं नाव अमर शेख. जन्म बार्शीचा, कर्मभूमी मुंबई. पण ज्या नावानं महाराष्ट्र त्यांना ओळखतो, ते नाव त्यांना मिळालं कोल्हापुरात.

आयुष्य एका नजरेत

- मूळ नाव : मेहबूब हुसेन पटेल
- जन्म : २० ऑक्टोबर १९१६, बार्शी (जि. सोलापूर)
- लाल बावटा कलापथक : १९४४
- काव्यसंग्रह : 'कलश' (१९५८), 'धरतीमाता' (१९६३)
- निधन : २९ ऑगस्ट १९६९

गिरणी कामगार शाहीर कसा झाला?

मेहबूब यांचा जन्म गरीब मुस्लिम कुटुंबात झाला. आई मुनेरबी यांच्या तोंडी लोकगीतं असायची. गाण्याचं पहिलं शिक्षण मिळालं ते घरातच, आईकडून. पुढे पोटासाठी मिळेल ते काम करावं लागलं. कधी मोटारीवर क्लीनर, तर कधी गिरणीत कामगार.

बार्शीत कापड गिरण्या होत्या. तिथल्या कामगारांच्या संपाचं नेतृत्व मेहबूब यांनी केलं आणि त्यांची रवानगी विसापूरच्या तुरुंगात झाली. विसापूर हे श्रीगोंदा तालुक्यातलं गाव. तिथे त्यांची कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी गाठ पडली. आपल्यावर होणारा अन्याय हा आपल्या एकट्याचा नाही, त्यामागे एक व्यवस्था आहे, हा विचार या तरुणाला कम्युनिस्ट चळवळीकडे घेऊन गेला.

आईची गाणी, गिरणीतले कष्ट आणि तुरुंगातला विचार, या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि त्यातून पुढचा शाहीर घडला.

कोल्हापूरशी नातं काय?

तुरुंगातून सुटल्यावर ते कोल्हापूरला आले. हे शहर त्या काळी मराठी सिनेमाचं घर होतं. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं इथे पाया घातला होता. 'प्रभात'ही १९२९ मध्ये इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्यानंतर मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये 'हंस पिक्चर्स' उभी केली.

मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत मेहबूब यांना काम मिळालं आणि तिथेच त्यांचे 'अमर शेख' झाले. गंमत पाहा, जन्माच्या नावातला एकही शब्द या नव्या नावात नाही. 'अमर' हा संस्कृतातून आलेला शब्द आणि 'शेख' हे मुसलमानी नाव. दोन्ही शेजारी शेजारी बसले आणि तेच नाव पुढे पोस्टरवर, पोलिसांच्या कागदावर आणि लोकांच्या तोंडी राहिलं.

पडद्याशी त्यांचं नातं पुढेही टिकलं. आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' आणि १९६१ च्या 'प्रपंच' या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. पण त्यांचं खरं व्यासपीठ होतं मैदान.

लाल बावटा कलापथक म्हणजे काय?

१९४४ मध्ये अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी हे कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ वारणेच्या खोऱ्यातल्या वाटेगावचे, म्हणजे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. तिघंही शाहीर, तिघंही कष्टकऱ्यांच्या चळवळीतले.

कलापथकाचं तंत्र साधं होतं. डफ, तुणतुणं, झांज आणि मागे झील धरणारे साथीदार. महागडा रंगमंच लागत नसे. चाळीचं पटांगण, गिरणीचं गेट किंवा गावचा पार चालत असे. शाहीर एक चौक गातो, मध्ये थांबून साध्या बोलीत प्रसंग समजावतो आणि पुन्हा गाऊ लागतो. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नाही, त्यालाही महागाई का झाली, संप कशासाठी आहे, हे त्यातून कळायचं.

यात अमर शेख यांची ताकद होती त्यांचा पहाडी आवाज. हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत तो पोहोचायचा. भाषण ऐकून लोक घरी जात. गाणं मात्र ते सोबत घेऊन जात. सरकारला भीती वाटली ती याचीच.

स्वातंत्र्य मिळालं, मग संघर्ष कशासाठी?

१९४७ नंतर अनेकांनी डफ खाली ठेवला. अमर शेख यांनी ठेवला नाही. त्यांच्या लेखी स्वातंत्र्याचा अर्थ झेंडा बदलण्यापुरता नव्हता. गिरणीतल्या माणसाला पोटभर भाकरी आणि आपल्या भाषेचं राज्य मिळणं बाकी होतं.

याची किंमतही मोजावी लागली. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारनं लाल बावटा कलापथकावर बंदी घातली. परकीय सरकारनं तुरुंगात टाकलेल्या माणसाच्या कलापथकाला आपल्याच सरकारनं गप्प करावं, हा अनुभव कडू होता. तरी गाणं थांबलं नाही.

मग आली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत गोळीबार झाला आणि पुढे हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. या काळात अमर शेख, अण्णाभाऊ आणि गव्हाणकर यांनी गावोगावच्या सभा जाग्या ठेवल्या. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा धक्का बसला, त्यामागे या शाहिरांचाही वाटा होता.

अण्णाभाऊंनी लिहिलेली 'माझी मैना' ही छक्कड अमर शेख यांच्या आवाजात गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, असा तिचा विषय. शेवटाकडे जाता जाता ती ताटातूट मराठी मुलखाची होते. निपाणी, बेळगाव, कारवार महाराष्ट्राबाहेर राहिल्याचं दुःख त्यात येतं.

१ मे १९६० रोजी राज्य झालं, पण ही गावं आलीच नाहीत. कोल्हापूरकरांसाठी हा इतिहासाचा धडा नाही. निपाणी इथून तासाभराच्या अंतरावर आहे, सोयरिकी आहेत, बाजार आहे आणि मध्ये राज्याची सीमा आहे. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचं कारण तेच आहे. ती छक्कड आजही जुनी का वाटत नाही, याचं उत्तर इथे मिळतं.

गोवा मुक्तीच्या लढ्यातही अमर शेख उतरले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

मुस्लिम शाहीर आणि शिवरायांचा पोवाडा

अमर शेख यांच्या पोवाड्यांत छत्रपती शिवाजी महाराज आहेत, होळकर आहेत आणि उधमसिंगही आहेत. आज काहींना याचं नवल वाटेल, पण शाहिरीला ते नवं नव्हतं. पेशवाईतले नामवंत शाहीर सगनभाऊ मुस्लिम होते. कोल्हापूरनंही शाहीर लहरी हैदर यांना डोक्यावर घेतलं. डफ कोणाच्या हातात आहे हे ऐकणाऱ्यांनी विचारलं नाही. आवाजात खरेपणा आहे का, एवढंच पाहिलं.

सर्वांत अवघड कसोटी कोणती?

१९६२ मध्ये चीननं आक्रमण केलं. कम्युनिस्टांसाठी हा कठीण काळ होता. पक्षात चीनवरून मतभेद होते, अनेक नेत्यांना अटक झाली, १९६४ मध्ये पक्षच फुटला. लाल बावट्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या शाहिराकडे संशयानं पाहिलं जाणं सोपं होतं.

अमर शेख यांनी त्या वेळी देशासाठी डफ वाजवला. चीन आणि पुढे पाकिस्तानच्या आक्रमणावेळी कार्यक्रम करून त्यांनी सरकारला युद्धनिधी मिळवून दिला. ज्या सत्तेनं कलापथकावर बंदी घातली, त्याच सत्तेच्या तिजोरीत हे पैसे गेले.

याला विसंगती म्हणता येईल. पण त्यांचं आयुष्य सलग पाहिलं तर वेगळं चित्र दिसतं. गिरणी मालक, इंग्रज, मुंबई सरकार, पोर्तुगीज, चीन. समोरचा प्रत्येक वेळी बदलला. शाहीर मात्र दर वेळी ज्या लोकांमधून आला, त्यांच्याच बाजूनं उभा राहिला.

आज काय उरलं?

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ साठे गेले. त्यानंतर बरोबर ४२ दिवसांनी, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या इंदापूरजवळ अपघातात अमर शेख यांचं निधन झालं. वय होतं अवघं ५२. दीड महिन्यात महाराष्ट्रानं लाल बावट्याचे दोन खंदे शाहीर गमावले.

आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्कीशी केली होती. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख यांनी मराठी कवितेत स्वतःची वाट काढली. वडिलांचं नाव त्यांनी आडनावासारखं लावलं आणि कोल्हापुरात मिळालेलं हे नाव पुढच्या पिढीत गेलं.

पुढच्या वेळी चौकात डफ वाजला, तर एक गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही. ज्या माणसानं ही कला गिरणीच्या गेटपर्यंत नेली, त्याच्यासाठी स्वातंत्र्य हा सणाचा दिवस नव्हता, रोजचं काम होतं. ते काम पूर्ण झालं असं त्यानं शेवटपर्यंत मानलं नाही.