डिझेल हीटर पेटत नाहीये? मग रुडॉल्फ डिझेलची गोष्ट वाचा

कॅम्पर व्हॅनमधला डिझेल हीटर रुसला की बहुतेक जण सगळ्यात आधी स्क्रीनवरचा एरर कोड शोधतात आणि मग पार्ट मागवतात. मला ही पद्धत पटत नाही. हीटर म्हणजे एक छोटी बंद भट्टी. ती का पेटते हे कळलं, की का पेटत नाही हे शोधायला फार वेळ लागत नाही. आणि डिझेल कसं पेटतं हे समजून घ्यायचं असेल तर ज्याचं नाव त्या इंधनाला लागलं, त्या माणसाचं आयुष्य बघणं हा मला सगळ्यात सोपा रस्ता वाटतो. गोंधळ नको म्हणून या लेखात माणसाला मी रुडॉल्फ म्हणतो आणि इंधनाला डिझेल.

पॅरिसमधला जर्मन मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आई-वडील मूळचे बव्हेरियाचे, वडिलांचा चामड्याच्या वस्तूंचा छोटा व्यवसाय. या पोराला खेळण्यापेक्षा यंत्रांचं संग्रहालय जास्त आवडायचं. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं, आणि १२ वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी एकट्याला जर्मनीत ऑग्सबर्गला काका-काकूंकडे पाठवलं. काका गणित शिकवायचे. तिथेच त्याचं ठरलं, की आपण इंजिनिअर व्हायचं.

पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक मिळाले. हे तेच लिंडे, ज्यांनी रेफ्रिजरेशनचं तंत्र उद्योगात आणलं. त्यांच्या वर्गात उष्णतेचा हिशेब शिकताना एक आकडा रुडॉल्फच्या डोक्यात घर करून बसला: चांगलं वाफेचं इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम १० टक्के कामाला लावतं. बाकीची जाते धुराड्यातून आणि गरम पाण्यातून. हे नुकसान कमी करायचं, हाच त्याच्या आयुष्याचा विषय झाला.

काडी न लावता आग

१८८० मध्ये पदवी मिळाल्यावर तो लिंडे यांच्याच कामासाठी पॅरिसला गेला आणि बर्फाची यंत्रं बसवू लागला. उरलेल्या वेळात त्याने वाफेऐवजी अमोनियावर चालणारं इंजिन बनवायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. १८९० मध्ये तो बर्लिनला आला, तोवर त्याची कल्पना बदलली होती.

नवी कल्पना अशी. सायकलचा पंप जोरात मारला की नळी गरम होते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. मग ती खूप दाबली तर? बाहेरच्या हवेच्या ३० पट दाब झाला, की हवेचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. अशा हवेत इंधनाचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. ठिणगी नको, काडी नको. फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये पेटंट हातात आलं.

आता तुमच्या हीटरकडे या. हीटरमध्ये सिलिंडर नाही, पिस्टन नाही, म्हणजे दाबही नाही. मग डिझेल पेटवायला लागणारी उष्णता आणायची कुठून? ती येते बॅटरीतून. ग्लो प्लग नावाची छोटी कांडी लालभडक तापते, तिच्याभोवतीच्या जाळीवर पंप डिझेल टाकतो, पंखा हवा देतो आणि वाफ झालेलं डिझेल पेट घेतं. एकदा ज्योत स्थिर झाली की कांडी बंद. रुडॉल्फने जे काम दाबाकडून करून घेतलं, ते इथे वीज करते.

म्हणूनच माझ्या मते पहिली तपासणी विजेची. कांडी तापताना ८ ते १० अँपिअर खेचते. स्वस्त किटमधली बारीक वायर असली की बॅटरीवर १२.५ व्होल्ट दिसतात आणि हीटरपाशी पोचेपर्यंत १०.५ च्या आसपास. मग हीटर स्वतःच बंद होतो. मल्टिमीटर हीटरच्या प्लगवर लावा, आणि तोही हीटर सुरू होत असताना. बंद हीटरवर घेतलेलं रीडिंग इथे काही कामाचं नाही.

चार वर्षं, एकच मशीन

पेटंट मिळालं म्हणजे इंजिन चाललं असं नाही. ऑग्सबर्गच्या मशीन कारखान्याने त्याला जागा आणि माणसं दिली, क्रुप कंपनी पैशाला उभी राहिली. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. सिलिंडरमध्ये स्फोट झाला आणि दाब मोजणारं उपकरण फुटून उडालं. इंजिन स्वतःच्या ताकदीवर चाललंच नाही. पण हवा दाबून इंधन पेटतं, एवढं तरी सिद्ध झालं.

पुढचा टप्पा १७ फेब्रुवारी १८९४ चा. इंजिन पहिल्यांदा स्वतःहून फिरलं, मिनिटाला ८८ फेरे, तेही जेमतेम एक मिनिट. त्यानंतर अजून ३ वर्षं गेली. सगळ्यात चिवट प्रश्न होता इंधन आत पोचवायचा. नुसतं तेल ओतलं तर ते नीट जळत नाही, त्याची काजळी होते. दाबलेल्या हवेच्या झोतासोबत तेल आत फेकलं तेव्हा त्याचे बारीक थेंब झाले आणि जळण सुधारलं. १८९७ च्या फेब्रुवारीत म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. सुमारे २० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. वाफेच्या इंजिनाच्या अडीच पटीहून जास्त!

या चार वर्षांतून मी एक गोष्ट उचलली आहे: प्रश्न तीन भागांत वाटायचा. उष्णता, इंधन, हवा. हीटरचा धूर बघितला की यातला कुठला भाग कमी पडतोय ते बऱ्यापैकी कळतं.

- पंपाची टिकटिक नाही, धूरही नाही: इंधन येतच नाहीये. पंपाची वायर, फिल्टर आणि नळीतला हवेचा बुडबुडा बघा.
- टिकटिक आहे आणि पांढरा धूर येतोय: डिझेल येतंय पण पेटत नाहीये. कांडी किंवा व्होल्टेज तपासा. कांडीभोवतीची जाळी काजळीने बंद झाली असेल तरी असंच होतं.
- काळा धूर: डिझेल जास्त, हवा कमी. हवा घेणारा पाइप, पंखा आणि धुराचा पाइप कुठे दबलाय का ते बघा.

लेहसारख्या ३५०० मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. म्हणून खाली छान चालणारा हीटर तिथे काळा धूर टाकतो. हीटरमध्ये उंचीची सेटिंग असेल तर डिझेलचं प्रमाण कमी करा. आणि कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण जमून फिल्टर बंद होतो, तेव्हा दोष हीटरचा नसतोच. याच कारणासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल बाजारात आणलं.

यश आलं आणि मग

१८९७ नंतर रुडॉल्फच्या दारात पैसा आला. अमेरिकेच्या हक्कांसाठी बिअरवाले अडॉल्फस बुश यांनी मोठी रक्कम मोजली. पण गिऱ्हाइकांकडे गेलेली सुरुवातीची इंजिनं त्रास देऊ लागली. पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक होता केम्प्टेनचा काड्यापेटीचा कारखाना. काडीशिवाय पेटणारं इंजिन काड्या बनवणाऱ्यांकडे! तेही दुरुस्त करत करतच चालवावं लागलं. लॅबमध्ये चाललेलं मशीन रोजच्या कामात टिकेलच असं नसतं.

या ताणाने रुडॉल्फची तब्येत ढासळली आणि १८९८ मध्ये त्याला आरोग्यधामात राहावं लागलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. १९१२ मध्ये डेन्मार्कचं सेलांडिया हे डिझेल इंजिनाचं जहाज कोपनहेगनहून बँकॉकला गेलं. इंजिन जगभर पोचलं, पण रुडॉल्फचा स्वतःचा पैसा जमिनीच्या आणि तेलाच्या व्यवहारांत बुडत गेला. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. मशीनमधल्या उष्णतेची गळती मोजणाऱ्या या माणसाच्या घरातली पैशाची गळती त्याच्या मरणानंतरच लोकांना कळली.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी अँटवर्पहून तो ड्रेस्डेन बोटीने इंग्लंडला निघाला. रात्री जेवला, केबिनमध्ये गेला. सकाळी बिछाना तसाच होता आणि माणूस गायब. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत सापडलं. खिशातल्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या. घातपाताच्या कहाण्या पुष्कळ रंगल्या, पण कर्जाचा आकडा बघितला तर आत्महत्या हेच कारण मलाही जास्त पटतं. वय होतं फक्त ५५.

तुमच्यासाठी काम

रुडॉल्फ चाचण्यांच्या नोंदी ठेवायचा, तशी हीटरची एक वही ठेवा. तारीख, व्होल्टेज, धुराचा रंग, पेटायला लागलेला वेळ. तीन-चार नोंदींतच दोष कुठे आहे ते दिसायला लागतं. हीटर तासन्‌तास मंद आचेवर ठेवू नका, काजळी धरते. अधूनमधून १५-२० मिनिटं पूर्ण क्षमतेवर चालवा. बंद करताना बटणानेच करा, थेट बॅटरी काढू नका. नाहीतर पंखा थांबतो आणि आतली उष्णता आतच राहून भाग जळतात.

आणि एक गोष्ट उद्यावर ढकलू नका. धुराचा पाइप व्हॅनच्या बाहेर नीट निघतोय ना, त्याचे सांधे घट्ट आहेत ना, हे आजच बघा आणि झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. या वायूला रंग नाही, वास नाही, झोपेत तो कळत नाही. अलार्म वाजला तर कोड शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा, हीटर मग बघता येईल.