आई-लेकीची दुहेरी

टेनिसच्या दुहेरीत बऱ्याचदा एक जण जाळ्याजवळ उभी असते, दुसरी मागची बाजू सांभाळते. जाळ्याजवळचा फटका डोळ्यांत भरतो; मागून परतवलेले दहा चेंडू मात्र कोणी मोजत नाही. २०१५ मध्ये सानिया मिर्झानं मार्टिना हिंगिससोबत विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली, त्याचं आपल्याला केवढं कौतुक! पण मैत्रिणींनो, त्याच्या ८१ वर्षं आधी त्याच विम्बल्डनमध्ये एका मराठी आईची लेक जिंकली होती. ती आई म्हणजे पंडिता क्षमाबाई राव.

क्षमाबाईंचा जन्म १८९० चा, पुण्याचा. वडील शंकर पांडुरंग पंडित हे वेदांचे गाढे अभ्यासक. तुकोबांच्या गाथेच्या संपादनातही त्यांचा वाटा होता. पण क्षमा अगदी लहान असतानाच ते गेले, आणि तिचं लहानपण नातेवाइकांच्या आधारानं गेलं. वडिलांची विद्या समोर होती, हात धरून शिकवणारं कोणी नव्हतं. पुढं मुंबईचे नामवंत डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी लग्न झालं. लग्न झालं की पोरीचं शिकणं संपलं, असं समजायचा तो काळ. क्षमाबाईंचं शिकणं मात्र लग्नानंतरच बहरलं. त्यांनी संस्कृतचा कसून अभ्यास केला आणि हातात टेनिसची रॅकेटही घेतली.

गांधीजींच्या चळवळीवर त्यांनी संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिली. ती १९३२ मध्ये पॅरिसला छापली गेली. देववाणीत त्यांनी देवादिकांच्या नव्हे, तर मीठ उचलणाऱ्या साध्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. कथांमधून विधवांची, गावच्या बायांची दुःखं मांडली. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रं लिहिली, अन् वडिलांचंही.

लेक लीला १९११ ची. तिला आईकडून दोन्ही गोष्टी मिळाल्या, संस्कृत आणि टेनिस. १९३१ मध्ये ती अखिल भारतीय विजेती झाली, पुढंही हा मान तिनं अनेकदा मिळवला. १९३४ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीत तिची गाठ इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलशी पडली. पहिला सेट लीला ४-६ हरली. तेव्हा टायब्रेक नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. दुसरा सेट लांबत गेला आणि लीलानं तो १०-८ असा ओढून आणला. तिसरा ६-२! विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पुढच्या फेरीत ती हरली, पण वाट तर पडली.

क्षमाबाई १९५४ मध्ये गेल्या. लेकीनं रॅकेट ठेवली तरी आईचा हात सोडला नाही. आईच्या कथांवरून लीलाबाईंनी संस्कृतात छोटी नाटकं लिहिली, भारतीय नृत्यावर पुस्तकं केली. जाळ्याजवळ खेळलेली लेक आता मागं उभी राहून आईचं लेखन सांभाळत होती. दुहेरीत जागा बदलतात ना, तसंच!

आपल्या वऱ्हाडाला खेळ काही नवा नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकपर्यंत जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. तरीही दहावीचं वर्ष आलं की पहिला बंद होतो तो पोरीचा खेळ. अभ्यास आहे, अंधार पडतो, लोक काय म्हणतील... कारणं तयारच असतात.

क्षमाबाईंनी लेकीला पुस्तक की मैदान, असं विचारलं नाही. दोन्ही दिलं, कारण दोन्ही त्यांच्या स्वतःच्या हातात होतं. म्हणून लेकीला मैदानावर पाठवायचं असेल, तर आईनंही आठवड्यातून दोनदा पदर खोचून तिच्यासोबत बॅडमिंटन का होईना, खेळायला काय हरकत आहे? मागची बाजू सांभाळणारी कोणी आहे, हे कळलं की पोरगी न भिता जाळ्यापर्यंत जाते.